निसरडे अंगण : कारणे आणि उपाय

पावसाळा सुरू झाला की आपल्या कसबा बावड्यात एक प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो, "पाणी किती फुटांवर गेलं?" राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली म्हणजे इशारा आणि ४३ फूट झाली म्हणजे धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर हे आकडे आपल्या मनावर कोरून ठेवले आहेत. परंतु याच दिवसांत आपल्या उंबऱ्याबाहेर, नळाजवळ, मोरीच्या कडेला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणखी एक धोका हळूहळू वाढत असतो. त्याची पातळी कोणी मोजत नाही. महापूर दरवर्षी येत नाही. शेवाळ मात्र दरवर्षी येते.

स्मरणिकेत कोब्यावर आणि शेवाळावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकुनी करणारा. सिमेंट-वाळूचे शास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. जे शिकलो ते घरातल्या एका प्रसंगानंतर, गवंडी काम करणाऱ्या जाणत्या माणसांना विचारून आणि मिळेल ते वाचून. तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही, म्हणून आधी तोच सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

२०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर मातीच्या अंगणात घोट्याइतका गाळ साचला. तो काढता काढता सगळे घर थकून गेले. त्याच वर्षी दिवाळीनंतर अंगण फूटभर उंच करून आम्ही कोबा करून घेतला. लहानपणापासून चिखलाचे अंगण पाहिलेले, त्यामुळे दारात पक्का कोबा व्हावा ही आमच्या घरची जुनी हौस. मिस्त्रींना मी स्वतः बजावून सांगितले, "मिस्त्री, अगदी आरशासारखा घोटून द्या." त्यांनी वर कोरडे सिमेंट मारून, गुरमाळा फिरवून तसाच घोटून दिला.

आईने त्यावर पाणी टाकून चार पावले चालून पाहिली आणि म्हणाली, "बाळ, ह्यावर पाय ठरत न्हाई." आईची उमेदीची सगळी वर्षे बांधकामावर घमेली वाहण्यात गेलेली. ओल्या स्लॅबवर, फळ्यांवर, खडीच्या ढिगावर पाय कुठे ठरतो आणि कुठे ठरत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. मी हसून म्हणालो, "सवय होईल."

पहिला पावसाळा निभावला, दुसराही निभावला. तिसऱ्या पावसाळ्यात, २०२२ च्या श्रावणात, पहाटे पाणी भरायला गेलेली आई नळाजवळ घसरून पडली. उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळली आणि त्यानंतर वॉकर आला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "वय झालं की बघून चालावं." कोणी नशिबाला दोष दिला. आई गप्प बसून ऐकत होती. मीही गप्प होतो. कोबा मीच आरशासारखा घोटवून घेतला होता हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

नंतर त्याच मिस्त्रींना बोलावले आणि विचारले, "तेव्हाच का सांगितलं नाही?" ते म्हणाले, "साहेब, गोठ्यात म्हस घसरू ने म्हणून लोक कोब्यावर खाचा पाडून घेत्यात, आणि दारात माणसांसाठी घोटून घेत्यात. आम्ही काय करायचं?" त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्या भागात म्हशीचा गोठा करताना कोब्यावर चौकटी-चौकटींच्या खाचा पाडतात, कारण म्हैस घसरून तिचा पाय मोडला तर नुकसान किती होते ते आपल्याला ठाऊक असते. म्हशीसाठी वापरलेली अक्कल घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी आपण वापरत नाही. याचे कारण अज्ञान नसून हौस आहे. चकाकणारा कोबा आपल्याला प्रगतीची खूण वाटतो.

प्रश्न किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. साठ वर्षांवरील माणसांना सर्वांत जास्त धोका असतो. वयाबरोबर, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ होतात. तरुण माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. त्याच जागी सत्तरीची बाई घसरली तर खुबा मोडतो. मग अंथरुणावर पडून राहिल्याने पाठीला जखमा होणे, छातीत कफ साठणे, पायात रक्ताच्या गुठळ्या होणे असे एकामागून एक प्रश्न उभे राहतात. पडणे ही घटना एका क्षणाची असते, पण तिचा हिशेब घराला वर्षानुवर्षे चुकता करावा लागतो.

पाय का घसरतो

प्रत्येक गोष्टीला कारण असते. ते कारण काढून टाकले की परिणामही थांबतो. घसरण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) पाण्याचा थर. आपण चालताना आधी टाच टेकतो आणि अंगाचा भार तिच्यावर येतो. जमीन गुळगुळीत व ओली असेल तर टाच आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाय जमिनीवर न टेकता पाण्यावरच तरंगल्यासारखा पुढे सरकतो. जमीन खरबरीत असेल तर वाळूच्या कणांची टोके हा थर भेदून पायाला लागतात आणि पाणी मधल्या खोलगट जागेत निसटते. गाडीच्या टायरला नक्षी असते ती याच कारणासाठी.

२) शेवाळ. शेवाळाचे सूक्ष्म जीव स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. हे आवरण पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही जागा निसरडी राहते. उन्हाळ्यात त्याचा काळपट डाग दिसतो. तो डाग पुष्कळदा मेलेला नसून नुसता सुकलेला असतो. पाऊस पडताच पुन्हा जिवंत होऊन बुळबुळीत होतो. म्हणूनच वळवाचा पहिला पाऊस फसवा असतो.

३) कोब्याचे वय. नव्या कोब्यात चुन्याचा तीव्र गुण असतो, त्यामुळे सुरुवातीला त्यावर शेवाळ सहसा धरत नाही. हवा आणि पाऊस लागून हा गुण पृष्ठभागावरून कमी होत जातो आणि मग शेवाळाला जागा मिळते. आमच्या अंगणात पहिले दोन पावसाळे काही झाले नाही आणि तिसऱ्यात झाले, याचा उलगडा मला यातून झाला.

४) गाळ आणि साबण. पुराचा गाळ अतिशय बारीक असतो. तो कोब्याच्या बारीक छिद्रांत बसून सगळा खरबरीतपणा बुजवून टाकतो. धुण्याच्या दगडाजवळील साबणाचे पाणी तर पाय घसरवायला पुरेसे असतेच.

५) पादत्राण. कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान आहे, पण तिचा चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या कोब्यासाठी नाही. नक्षी झिजलेली रबरी चप्पल तितकीच घातक. अनवाणी पायालाही साबण आणि शेवाळ यांवर पकड मिळत नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते

पूर्वीचे अंगण मातीचे आणि सारवलेले असे. त्यावर चिखल होई, पण उन्हाळ्यात ते पुन्हा चोपून घेतले जाई. जेथे कायम पाणी तेथे घडीव काळा दगड वापरीत आणि त्यावर टाकीचे घाव मुद्दाम ठेवीत. आपल्या स्वयंपाकघरातील पाटा-वरवंट्याचेही तेच. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला सरकतो, वाटला जात नाही. मग "टाकीऽऽ लावायची का" अशी हाक देत दारावर येणाऱ्या बाईकडून पाट्याला टाकी लावून घेतली जाई. गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा पकड द्यायची, हे ज्ञान आपल्या घराघरांत होते. आपण ते पाट्यापुरतेच ठेवले.

हेच तत्त्व आजही मोठमोठ्या कामांत पाळले जाते. सिमेंटच्या मोठ्या रस्त्यांवर ओल्या काँक्रीटवरच ब्रशने किंवा दात्यांनी बारीक रेषा ओढतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात नासाच्या लँग्ली येथील केंद्रात ओल्या धावपट्टीवरून विमाने घसरण्याच्या प्रश्नावर काम झाले आणि धावपट्टीच्या पृष्ठभागात आडव्या बारीक खाचा कापण्याचा उपाय पुढे आला. विमान, म्हैस आणि पाटा या तिघांना जे लागू, ते माणसालाही लागू आहे.

उपाय : कोणत्या क्रमाने करावेत

उपाय अनेक आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग शेवाळ, मग खरबरीतपणा आणि शेवटी आधार. क्रम चुकला तर खर्च वाया जातो.

पहिला उपाय : पाण्याला वाट द्या. कोब्यावर एक-दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पाहा. जेथे पाणी साचून राहिले त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. शेवाळ तेथेच धरणार. खोलगट जागा भरून घ्या. नवा कोबा करताना गटाराच्या बाजूला उतार ठेवा. पन्नास ते शंभर फुटांना एक फूट, म्हणजे दहा फूट लांबीला एक ते अडीच इंच उतार पुरतो. छपराच्या पागोळ्या ज्या रेषेत पडतात तेथे शेवाळाची हिरवी पट्टी दिसते. पन्हळ बसवली की ती पट्टी जाते. गळणारा नळ दुरुस्त करा. कुंड्या भिंतीलगत दाटीने ठेवू नका. त्यांच्याखाली ओल कायम राहते. ऊन अडवणारी फांदी छाटता येत असेल तर छाटा.

दुसरा उपाय : शेवाळ मुळापासून काढा. प्रथम पत्र्याच्या तुकड्याने किंवा खुरप्याने खरवडून जेवढे निघेल तेवढे काढून उचलून टाका. मग प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर थंड पाण्याला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा. ते पाणी जागेवर पसरून पंधरा मिनिटे ओले राहू द्या. नंतर ताठ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. हातात रबरी मोजे व पायात रबरी बूट असावेत, डोळे सांभाळावेत, लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. हे पाणी झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीत जाऊ देऊ नये. पावडर जुनी आणि ओलसर झालेली असेल तर तिचा गुण गेलेला असतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. "दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ" हा समज जीवावर बेतू शकतो.

पूर येऊन गेल्यास गाळ ओला असतानाच खोऱ्याने ओढून काढावा. तो वाळला की छिद्रांत घट्ट बसतो आणि नंतर दुप्पट मेहनत लागते.

तिसरा उपाय : पृष्ठभाग खरबरीत करा. येथे एक शब्दभेद ध्यानात ठेवावा. खरबरीत म्हणजे खडबडीत नव्हे. पायाला वाळूसारखा स्पर्श व्हावा, पण ठेच लागू नये. म्हातारी माणसे पाय उचलून न टाकता ओढत चालतात. त्यांना अर्ध्या इंचाचा उंचवटाही पाडू शकतो.

नवा कोबा करणार असाल तर काम सर्वांत सोपे आणि जवळजवळ फुकट आहे. मालात पाणी बेताचे ठेवावे. पाणी जास्त झाले की सिमेंटची साय वर येते. ती गुळगुळीतही असते आणि कमकुवतही. वर कोरडे सिमेंट मारू देऊ नये. लाकडी रंध्याने समतल करून घ्यावे आणि गुरमाळ्याने घोटू नये. पृष्ठभागावरची पाण्याची चमक गेली, पण माल अजून ओला आहे, अशा वेळी हिरांचा खराटा किंवा ताठ ब्रश एकाच दिशेने हलक्या हाताने ओढावा. रेषा चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात आणि उतार बाजूला असावा, म्हणजे रेषांतून पाणीही वाहून जाते. नंतर किमान सात दिवस पाणी मारावे. ज्याला हौस असेल त्याने कडेला रंगीत पट्टी करावी, पण चालण्याची जागा घोटू नये.

जुना कोबा गुळगुळीत असेल तर तीन मार्ग आहेत. एक, छिन्नी-हातोड्याने हलके घाव घालून टाकी लावणे. मेहनत जास्त, पण खर्च फक्त मजुरीचा. दोन, कटर यंत्राने तीन ते पाच मिलिमीटर खोलीच्या आडव्या खाचा दीड-दोन इंचांच्या अंतराने पाडणे. हे काम पाणी मारतच करावे आणि तोंडाला मास्क लावावा, कारण सिमेंट-दगडाची धूळ फुफ्फुसांना बाधते. गच्चीच्या स्लॅबवर मात्र खाचा पाडू नयेत. गळती सुरू होईल. तीन, बाहेरच्या जमिनीसाठी असलेल्या टिकाऊ रंगाचा हात देऊन तो ओला असतानाच त्यावर धुतलेली, चाळलेली, कोरडी वाळू भुरभुरणे आणि वाळल्यावर वरून दुसरा हात देणे. खडी फोडून केलेल्या वाळूचे कण टोकदार असतात, त्यांना पकड चांगली मिळते. हा उपाय गच्चीवर व पायऱ्यांवर सोयीचा आहे. मात्र काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो.

जुन्या कोब्यावर नवा थर द्यायचाच असेल तर खाली टाकी लावून, धुऊन, सिमेंटचे पाणी मारून दीड ते दोन इंच जाडीचा द्यावा. अर्ध्या इंचाचा थर वर्षभरात पोपडे धरून सुटतो आणि मग घसरण्याऐवजी अडखळून पडणे सुरू होते.

चौथा उपाय : हाताला आधार आणि डोळ्याला खूण. पायऱ्या दोनच असल्या तरी कठडा हवा. सुमारे तीन फूट उंचीचा, मुठीत मावेल असा गोल पाइप पुरतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा पट्टा खरबरीत रंगाने ओढावा. नळाकडे जाणाऱ्या वाटेवर एक दिवा असावा आणि त्याचे बटण घराच्या आत असावे. आमच्याकडे दिवा होता, पण बटण अंगणाच्या पलीकडे होते!

काही फसवे उपाय

ओल्या पायरीवर गोणपाट टाकणे हा सर्वत्र आढळणारा उपाय आहे. गोणपाट स्वतःच सरकते, त्याच्या दुमडीत पाय अडकतो आणि त्याखाली ओल राहून शेवाळ वाढते. सैल रबरी चटईचेही तसेच. राख किंवा माती टाकल्याने तासभर बरे वाटते, पावसात तिचाच चिखल होतो. ॲसिड ओतून कोबा खरबरीत करण्याचा सल्ला काही जण देतात. ॲसिडने सिमेंट विरघळते हे खरे, पण ते सारखे विरघळत नाही, वाफेने डोळे-छातीला त्रास होतो आणि जवळच्या लोखंडाला गंज चढतो. साधा ऑइल पेंट तर कोब्याला आणखी गुळगुळीत करतो.

सार्वजनिक जागांबद्दल

मी जेथे नोकरी करतो तेथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन घेणारी वृद्ध माणसे येतात. अशा ठिकाणी बाहेरच्या पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट बसवण्याची पद्धत पडली आहे. पाऊस आला की त्या पायऱ्या चढणे ही परीक्षा असते. अशा जागांसाठी फरशी निवडताना दोन मोजमापे माहीत असावीत. पहिल्यात ओल्या फरशीवर रबर लावलेला लोलक घासून आकडा काढतात. तो ३६ किंवा अधिक आला तर घसरण्याची शक्यता कमी मानतात, २५ च्या खाली आला तर फार जास्त. दुसऱ्यात बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या फळीवर चालतो आणि फळी हळूहळू तिरपी करतात. त्यावरून आर-९ ते आर-१३ असे वर्ग पडतात. आकडा मोठा तेवढी पकड जास्त. दुकानात आर-९ ची फरशीही "घसरत नाही" म्हणून दाखवली जाते, पण तो सर्वांत खालचा वर्ग आहे. पावसात भिजणाऱ्या जागेला आर-११ किंवा त्यावरची घ्यावी. अनवाणी चालण्याच्या ओल्या जागांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत. त्यात सी ची पकड सर्वांत जास्त.

विहाराच्या अंगणाचा विचार येथे वेगळा करावा लागतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. वर्षातील याच तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचनासाठी सर्वांत जास्त वृद्ध उपासिका विहारात येतात, आणि हेच तीन महिने शेवाळाचे असतात. चप्पल बाहेर काढून, अनवाणी, अंधार पडताना त्या पायऱ्या चढतात. तेव्हा चप्पल काढण्याची जागा छपराखाली आणि कोरडी असावी, तेथून दारापर्यंतचा कोबा खरबरीत असावा आणि कठडा दोन्ही बाजूंना असावा. उतरण करायची असल्यास एक फूट चढाला किमान बारा फूट लांबी ठेवावी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो. पण कायद्याची वाट न पाहताही हे काम दोन रविवारच्या श्रमदानात होण्यासारखे आहे.

कोणी पडल्यास

पडलेल्या माणसाला चटकन ओढून उभे करू नये. आधी बोलावे, कुठे दुखते ते विचारावे. एक पाय आखूड वाटत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल किंवा हलवताच कळ येत असेल तर खुबा मोडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी चोळू नये, तेल लावू नये, चालवून पाहू नये. अंगावर पांघरूण घालून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलवावे.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात सुकलेले काळे डाग खरवडून ब्लीचिंगचा एक हात द्यावा. मृगाआधी पन्हळ व गटार साफ करावे. आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी नखाने कोबा खरवडून पाहावा. नखात हिरवे आले तर लगेच घासावे. दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत, खाचा पाडणे किंवा नवा कोबा अशी मोठी कामे करावीत.

बँकेत काम करणाऱ्याला हिशेबाची सवय सुटत नाही म्हणून सांगतो. आमच्या अंगणात खाचा पाडायला मिस्त्रींची दीड दिवसाची मजुरी आणि यंत्राचे भाडे एवढाच खर्च आला. आईच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि आईचे पहाटे एकटीने अंगणात जाणे, नळाशी शेजारणींशी चार शब्द बोलणे, हे जे गेले त्याची किंमत कोणत्याच खातेवहीत मांडता येत नाही. खाचा पाडल्यानंतरच्या पहिल्या पावसात ती वॉकर घेऊन उंबऱ्याबाहेर आली, ओल्या कोब्यावर एक पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता ठरतोय." त्या दिवशी मी तिला सांगितले की चूक तिच्या चालण्याची नव्हती, माझ्या घोटाईची होती. ती म्हणाली, "मला ठावं हाय."

वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती की, हा लेख वाचून झाल्यावर एक तांब्या पाणी घेऊन आपल्या दारात जावे, ते नळाजवळच्या आणि पायरीजवळच्या कोब्यावर ओतावे आणि कशाला तरी धरून त्यावर पाय दाबून पाहावा. पाय सरकला, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला "बघून चाला" असे सांगण्याआधी मिस्त्रींना निरोप पाठवावा.